पहिला ग्लास मोरीत

हिंदुतात्यांची एक गोष्ट सध्या आमच्या ओळखीच्या लोकांत हसत हसत सांगितली जाते. कोल्हापुरात, नागाळा पार्कातल्या एका बंगल्यावर मुलीचं लग्न ठरत होतं, मुलाचे वडील बीअरचा ग्लास ओठाला लावून बसले होते, आणि एक माथेफिरू म्हातारा दारातून धावत आला आणि फटका मारून त्याने तो ग्लास उडवला. का, तर म्हणे म्हाताऱ्याला दारूचा तिटकारा. सांगणारा शेवटी म्हणतो, "असली माणसं घरात घेऊ नयेत बघा." ऐकणारे मान डोलावतात आणि तांबड्या रश्शाची वाटी पुढे करतात.

ही गोष्ट खोटी आहे. मी त्या खोलीत होतो. ती पहिल्यांदा पसरवली माझ्या मित्राने, विश्वासने, आणि मी ती खोडून काढली नाही. आज लिहितोय ते वाचून विश्वासला राग येईल. येऊ दे. मलाही गेले कित्येक महिने तो येतोच आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे.

हिंदुराव चौगुले फुलेवाडीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. उभी नोकरी एका दूध संघात, धुण्याच्या खात्यात. दुधाच्या टाक्या, नळ्या, तोट्या, सगळं आतून धुवायचं. लोकांना दुधाची पिशवी दिसते, ती ज्या नळीतून भरली ती नळी कुणाला दिसत नाही. तात्यांनी बत्तीस वर्षं न दिसणाऱ्या गोष्टी धुतल्या. बुटका माणूस, पांढरा हाफ शर्ट, पँट नडगीपर्यंत दुमडलेली. खताच्या रिकाम्या पिशवीत गमबूट, पान्हे आणि लांब दांड्याचे ब्रश. शर्टाच्या खिशात लिटमस कागदाची चिमुकली वही, शाळेत प्रयोगाला असते तसली. टाक्या धुवायच्या जहाल कॉस्टिक सोड्यात हात घालून घालून त्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "तात्या, पुन्हा लावा." तात्या पाचदा लावायचे आणि मग भडकायचे. "अरं, न्हाई उठत! दूध पिताना तुला वास आलाता का कधी? न्हाई न्हवं? मग त्यातच गेलाय माझा अंगठा!"

भडकणं हा त्यांचा स्थायीभाव होता. घाण दिसली की त्यांचा तोल जायचा आणि समोर कोण आहे याचा विचार राहायचा नाही. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, त्यांना नातेवाइकांकडे न्यायला घाबरत, कारण चहा यायच्या आधी हे उठून त्या घरातल्या फिल्टरच्या तोटीत बोट घालून बघणार. एकदा माझ्या पुतण्याच्या लग्नात तात्या दिसेनात म्हणून शोधलं, तर हे कार्यालयाच्या मागे थंड पाण्याच्या मशीनची तोटी पान्ह्याने खोलून बसलेले. मॅनेजर समोर उभा. तात्यांच्या बोटावर शेवाळाची हिरवी लडी. "हे पाजालाईस व्हय रं वऱ्हाडाला? नवरा-नवरीला पाजालाईस? ये, तू पी आधी!" मॅनेजर म्हणाला, "ओ पावणं, जेवण करून घ्या की." तात्या जेवले नाहीत. तोटी धुतली, जाग्यावर बसवली आणि आहेर देऊन चालत घरी गेले.

मी लाकडी पॅटर्न बनवतो, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लागणारे नमुने. उद्यमनगरात माझं छोटं शेड आहे. विश्वासची फौंड्री मोठी, आणि माझ्या शेडातलं बहुतेक काम त्याच्या फौंड्रीचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो गप्प बसलो त्याचं कारण यातच आहे.

विश्वास धंद्यासाठी जर्मनीला जाऊन आला आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आला. घरात बीअरचा नळ. बंगल्याच्या तळघरात खास फ्रिज, त्यात पुण्याहून येणारं स्टीलचं पिंप, पिंपाला गॅसचा सिलिंडर, आणि तिथून भिंतीतून वर दिवाणखान्यापर्यंत नळी. दिवाणखान्यात चकचकीत पितळी तोटी. मूठ ओढली की फेसाळ बीअर. पहिले दोन महिने आम्ही चौघे-पाच जण भक्तिभावाने जमायचो. तिसऱ्या महिन्यात बीअर आंबट लागायला लागली. शिळ्या ताकाचा वास. विश्वासने पुण्याच्या कंपनीला शिव्या घातल्या, पिंप बदललं, सिलिंडर बदलला. वास तोच. धुवायचं असतं हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. तोटी बाहेरून रोज पितांबरीने घासली जात होती.

मी तात्यांना घेऊन गेलो. त्यांनी आयुष्यात बीअर चाखली नव्हती. त्यांनी फक्त तोटीला नाक लावलं, पान्हा काढला आणि आमच्यादेखत तिचे पाच तुकडे काढून पेपरवर मांडले. आत काळपट, बुळबुळीत गर साचला होता. तो त्यांनी बोटावर घेतला आणि एकेकाच्या नाकासमोर धरला. विश्वासच्याही.

"विश्वासराव, हे पिताय तुम्ही. ह्यापरास म्हशीच्या डबक्यातलं पाणी बरं. म्हस तरी त्यात रोज बसती, तुम्ही तर ह्यात कवा बघितलंबी न्हाई."

"तात्या, बीअर हाय हो ती. दारूनं जंतू मरत्यात," विश्वास म्हणाला.

"जंतू मरत्यात? मग हे काय तुमचं पावणं हायत?"

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. "तुम्ही दारू प्या, न्हाईतर ईख प्या, मला काय करायचंय? पर नळी माझ्या हाताखाली आली की त्यातनं घाण जाणार न्हाई. एवढं जमत असंल तर सांगा, न्हाईतर मी चाललो."

जमलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला तात्या खताची पिशवी घेऊन बंगल्यावर यायचे. त्यांची पद्धत ठरलेली. पिंप सोडवायचं, साध्या पाण्याने नळी धुवायची, मग कोमट पाण्यात कॉस्टिक कालवून हातपंपाने नळीत फिरवायचं. तोटी खोलून प्रत्येक तुकडा ब्रशने घासायचा. रबराची वायसर चिरली असेल तर फेकायची. मग पुन्हा पाणी, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. शेवटी तोटीतून पडणाऱ्या पाण्याखाली लाल लिटमस धरायचा. निळा झाला म्हणजे कॉस्टिक अजून आत आहे. लाल राहिला तरच पिंप जोडायचं. जोडल्यावरही पहिला ग्लास मोरीत ओतायचा. हा त्यांचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

या पहिल्या ग्लासावरून विश्वासचं आणि त्यांचं दर वेळी वाजायचं. आपल्याकडे पहिलं ताट पाहुण्याला, पहिला पेला पाहुण्याला. मोठ्या माणसाच्या हातात दुसरा ग्लास द्यायचा आणि पहिला त्याच्यासमोर मोरीत ओतायचा, हे विश्वासला पाहुण्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटायचं. तात्या म्हणायचे, "पयला ग्लास नळीचा असतोय. नळीत काय ऱ्हायलं असंल ते त्यात येतंय. ज्याच्यावर तुमचा राग असंल त्याला द्या तो."

एकदा मी विचारलं, तात्या, इतकं कशाला? तेव्हा त्यांनी संघातली एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एकदा घाईत कागद न लावताच त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. अर्धी टाकी दूध भरल्यावर मनात पाल चुकचुकली. कागद लावला तर निळा. कुणाला काही माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, एवढ्या दुधात एवढंसं कॉस्टिक, काय होतंय, जाऊ दे पुढं. तात्यांनी साहेबांच्या डोळ्यांसमोर टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि गुडघाभर दुधात उभे राहिले. वर्षभर त्यांना क्रेट धुवायला बसवलं. ते सांगताना ते साहेबांवर चिडत नव्हते. "चूक माझीच हुती की. कागद मी लावला न्हवता," एवढंच म्हणाले.

आता त्या दिवसाबद्दल.

विश्वासच्या मुलीला गडहिंग्लजचं स्थळ आलं होतं. घर मोठं, शेतीवाडी, मुलगा शिकलेला. पसंती झाली होती, बोलणी करायला मुलाचे वडील आणि दोन भाऊबंद सायंकाळी साडेपाचला येणार होते. विश्वासला त्यांना तो नळ दाखवायचा होता. मधे दोन महिने नळ बंद होता, नळीत राप धरला होता, म्हणून तात्या सकाळीच आले. धुतलं, पण राप सुटेना. तेव्हा त्यांनी नळीत कॉस्टिक भरून ठेवलं, आणि चार-पाच तास मुरू द्यावं म्हणून घरी जेवायला गेले. जाताना विश्वासला बजावलं, "औषध भरून ठेवलंय. पाचला मी येतो, मी धुतो, मी जोडतो. तवर कुणी हात लावायचा न्हाई." आणि माणसाच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा नाही ही नोकरीतली सवय, म्हणून तोटीची मूठ काढून खिशात घालून घेऊन गेले.

पाहुणे साडेचारलाच आले. अंबाबाईचं दर्शन लवकर झालं म्हणे. विश्वासची धांदल उडाली. मी मदतीला गेलो होतो. तो मला म्हणाला, "पिंप जोड की लेका. तू बघितलंयस शंभर वेळा."

"तात्या येणार आहेत ना?"

"सकाळी धुऊन गेलाय म्हातारा. आता पावण्यांस्नी काय पाचचं टायमिंग सांगू व्हय?"

औषध भरून ठेवल्याचं त्याने मला सांगितलं नाही. तो विसरला असेल, किंवा औषध म्हणजे काहीतरी साधंसुधं, असं त्याला वाटलं असेल. मी तळघरात जाऊन पिंप जोडलं. वर आलो तर तोटीला मूठ नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तात्यांसारखा माणूस मूठ काढून नेतो ती काय शोभेसाठी? पण फौंड्रीवाल्याच्या घरात एखादी गोष्ट उघडत नसली की पकड आणायची, एवढंच आम्हाला कळतं. विश्वासने पकड आणली. तोटी उघडली. ग्लास भरला. मी सवयीने तो घेऊन मोरीकडे वळलो, तर त्याने माझा हात धरला आणि दातओठ खाऊन पुटपुटला, "पावण्यांच्या म्होरं पयला ग्लास मोरीत? लगीन मोडायचंय काय माझ्या पोरीचं?"

आणि तो पहिला ग्लास त्याने दोन्ही हातांनी व्याह्यांना दिला.

ग्लासला फेस नव्हता. रंग चहासारखा. मी पाहिलं, आणि काहीतरी चुकतंय हे कळायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात व्याह्यांनी तो ओठाला लावला. त्याच वेळी तात्या दारात आले. ते ठरल्या वेळेच्या आधीच यायचे नेहमी. त्यांनी ग्लास पाहिला, तोटीला लटकलेली पकड पाहिली, आणि सत्तरीचा तो माणूस गमबुटांची पिशवी टाकून दिवाणखाना ओलांडून धावला. ग्लास भिंतीवर फुटला. व्याह्यांचा पांढरा शर्ट भिजला.

"तोंड धुवा! पावणं, आधी तोंड धुवा! पाणी आणा रं!" तात्या ओरडत होते. "औषध हाय त्यात—"

विश्वासने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. कॉलर धरली आणि दारापर्यंत फरफटत नेलं. "दारूचा राग हाय तर माझ्या घरात आलास कशाला रं? माझ्या पावण्यावर हात टाकतोस? नीघ!" तात्या "कॉस्टिक, कॉस्टिक" म्हणत होते आणि विश्वास त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता, म्हणजे पाहुण्यांना फक्त त्याचं ऐकू जावं.

ग्लासातलं जे टीपॉयवर सांडलं होतं त्याला मी बोट लावलं. साबणासारखं बुळबुळीत. चुरचुरायला लागलं. मी वर पाहिलं. दार लावून परत आलेला विश्वास माझ्या बोटाकडे बघत होता. त्याला कळलं होतं, आणि मला कळलंय हेही कळलं होतं. मी रुमालाला बोट पुसलं.

एवढंच केलं मी. रुमालाला बोट पुसलं आणि पाहुण्यांना म्हणालो, "माफ करा, वय झालंय त्यांचं." व्याह्यांनी ओठ पुसले. घोट आत गेला नव्हता. दुसरा ग्लास त्यांनी नको म्हटलं, सरबत घेतलं. लग्न ठरलं, थाटात झालं, मी आठ दिवस मांडवात राबलो. पॅटर्नचं काम चालू राहिलं.

तात्यांची कामं मात्र बंद झाली. आणखी तीन घरांतल्या तोट्या ते बघायचे, एका हॉटेलातलं सोड्याचं मशीन बघायचे. सगळीकडे गोष्ट त्यांच्याआधी पोचली. जो माणूस सगळी हयात दुसऱ्याच्या पोटात घाण जाऊ नये म्हणून भांडला, त्याला लोकांनी पाहुण्यावर हात टाकणारा येडा म्हातारा ठरवलं. तेही कुणी? तर ज्यांनी त्याच्या हाताने धुतलेल्या नळीतून वर्षभर बीअर ढोसली त्यांनी. मला त्या लोकांची चीड येते. रविवारी त्यांच्यात बसून मटण खातो त्या माझी जास्त येते.

मी मागच्या गल्लीतून जाणं सोडलं. मोठ्या रस्त्याने वळसा घालून घरी यायचो. पुढे कळलं, काकू आणि तात्या मुलीकडे कबनूरला राहायला गेले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हेही लिहून ठेवतो.

परवा इचलकरंजीला यंत्रमागाच्या सुट्या भागाचं एक काम होतं. परतताना कबनुरात पाण्याचा जार घ्यायला थांबलो. चहूकडे मागांचा खडखडाट. फिल्टरच्या पाण्याच्या केंद्रासमोर बायका घागरी घेऊन रांगेत ताटकळलेल्या, आणि तात्या तिथली तोटी खोलून बसलेले. मालकावर ओरडत होते, मालक हात जोडून हसत होता. वाळले होते. शर्ट तोच, खिशात लिटमसची वही.

मला पाहून उठले. मी घरापासून पाठ करून आणल्यासारखं बोलायला लागलो, तात्या, माझं चुकलं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यांनी हाताने मला थांबवलं. मागांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून अगदी जवळ आले.

"ते ऱ्हाऊ दे. त्या पावण्यांचा घसा कसा हाय?"

"कुणाचा घसा?" मी विचारलं.

"घोट गेलाता का न्हाई आत? ग्लास वठाला लागल्याला मी बघितला. गिळला का न्हाई ते दिसलं न्हाई मला."

"नाही तात्या. गेला नव्हता. काही झालं नाही त्यांना. ठणठणीत आहेत."

त्यांनी डोळे मिटले. ओला ब्रश तसाच हातात धरून केंद्राच्या पायरीवर बसले.

"विश्वासरावास्नी फोन केलते मी. उचलला न्हाई. दोनदा गडहिंग्लजला जाऊन आलो एष्टीनं. पर नाव म्हाईत न्हाई, गल्ली म्हाईत न्हाई. बाजारात इचारत हिंडलो, कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याचं व्याही कुणी हायत का, घसा भाजल्यालं. लोक हसाय लागली." मग म्हणाले, "चूक माझीबी हायच की. भरल्याली नळी सोडून जेवायला जायाचं नसतंय."

गडहिंग्लजच्या त्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर गेले सहा महिने माझ्या मोबाइलमध्ये होता. लग्नपत्रिका मीच वाटल्या होत्या.

"बरं झालं सांगितलंस," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शोधूनही सापडला नाही. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, रांगेतल्या बायकांना म्हणाले, "थांबा गं माय, झालंच," आणि उरलेली तोटी खोलायला लागले.